न बोलणाऱ्याचे गहू



आमच्या शाळेच्या प्रोग्रेस कार्डवर सगळ्यात खाली 'रिमार्क्स' नावाचा एक रकाना असायचा. पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या त्या रकान्यात जवळजवळ दरवर्षी एकच मजकूर: शांत आणि शिस्तप्रिय मुलगी. कॉन्व्हेंटमध्ये शांत असणं हा गुणच होता. सिस्टर वर्गात आल्या की टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी त्यांची अपेक्षा, आणि त्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी आजी मात्र मला 'घुमी' म्हणायची. "बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात गं बाई, न बोलणाऱ्याचे गहू तसेच राहतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. मला हुलगे म्हणजे काय हेच माहीत नव्हतं! हॉस्टेलवर आल्यावर रत्नागिरीच्या रूममेटने घरून आणलेलं कुळथाचं पिठलं खाल्लं, तेव्हा कळलं की हुलगे म्हणजेच कुळीथ. म्हणीचा अर्थ कळायला मात्र गेला उन्हाळा उजाडावा लागला.

सेकंड इयरनंतर पुण्याजवळच्या एका कंपनीत मी सहा आठवडे ट्रेनिंगला होते. पंपाची अ‍ॅल्युमिनियमची केसिंग तिथे तयार होत. प्रत्येक केसिंगची लीक टेस्ट होते. आत दाबाने हवा भरायची, थोडा वेळ स्थिर होऊ द्यायची, मग काही सेकंदांत दाब किती उतरतो ते मशीन मोजतं. ठरलेल्यापेक्षा जास्त उतरला की लाल दिवा, म्हणजे पीस रिजेक्ट. मी आणि दुसऱ्या कॉलेजची एक मुलगी (तिला आपण 'पार्टनर' म्हणू) अशा दोघींना रिजेक्शन का वाढलंय ते बघायला सांगितलं होतं.

त्या मशीनवर एक काका होते, कंपनीत खूप जुने. ते माझ्यापेक्षाही कमी बोलायचे. त्यामुळे आमचं छान जमलं. दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी जवळजवळ मुक्याने काम केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुनी वही काढली आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, सेकंड शिफ्टचे लाल पीस मी सकाळी परत लावून बघतो. बरेचसे हिरवे येतात."

वहीत तारीखवार आकडे होते. मी ते रात्री ग्राफवर टाकले. दुसऱ्या दिवशी मशीनच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तर हवा स्थिर होण्याचा वेळ दुपारी कमी केलेला असायचा. कारण उघड आहे, टार्गेट! प्रत्येक पीसमागे सात सेकंद वाचले तर शिफ्टमध्ये बरेच पीस जास्त निघतात. आता थर्मो आठवा. हवा झटकन दाबली की ती तापते. तापलेली हवा थंड होऊ लागली की बंद जागेतला दाब आपोआप उतरतो. स्थिर व्हायला पुरेसा वेळ दिला नाही तर हे थंड होणं नेमकं मोजमापाच्या वेळात येतं, आणि मशीनला वाटतं पीस गळतोय. चांगले पीस भंगारात चालले होते!

हे मी पार्टनरला कॅन्टीनमध्ये चहा पिताना सांगितलं. ती हुशार आहे, तिला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर साहेबांनी विचारलं, "काही सापडलं का?" तिने माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलंसुद्धा, "तू सांगतेस?" मी मान हलवली, नाही. मग तिने सांगितलं, उत्तम सांगितलं, हातवारे करून, उदाहरण देऊन. साहेब खूष. त्या दिवसापासून ते 'तिचं फाइंडिंग' झालं. आठवड्याभराने साहेबांनी तिला प्लँटमधल्या दुसऱ्या प्रॉब्लेमवर घेतलं आणि मला म्हणाले, "तुम्ही तिला डेटा द्यायला मदत केलीत ना? गुड."

त्या रात्री मी खूप रडले. रूमवर येऊन तिला मनातल्या मनात चोर म्हणून घेतलं. पण चोर कसली? तिने तर मला विचारलं होतं! दुकान उघडायची वेळ आली तेव्हा मीच शटर ओढून आत बसले होते.

असो. रडून झाल्यावर मी वाचायला लागले, कारण वाचणं हा आम्हा अबोल लोकांचा आवडता उपाय. आणि त्यात मला हेन्री कॅव्हेंडिश भेटला. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये त्याच्या नावाचा प्रयोग आपण सगळ्यांनी वाचलाय. १७९८ साली त्याने पृथ्वीची घनता मोजली, पाण्याच्या सुमारे साडेपाच पट, आणि आजच्या आकड्याच्या अगदी जवळ. १७६६ मध्ये हायड्रोजन हा वेगळा वायू आहे हे त्यानेच दाखवलं. हा माणूस इतका भिडस्त होता की जेवायला काय हवं ते घरातल्या नोकरांना चिठ्ठीवर लिहून कळवायचा. पण मला हललं ते दुसऱ्याच गोष्टीने. दोन विद्युतभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे त्याने १७७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रयोगाने तपासलं होतं. वाहकातून जाणारा प्रवाह दाबाच्या प्रमाणात असतो, हेही त्याला १७८१ मध्ये दिसलं होतं. तेव्हा प्रवाह मोजायचं यंत्रच नव्हतं. म्हणून तो स्वतःच्या अंगातून शॉक घेऊन, झटका किती जोरात बसला त्यावरून अंदाज करायचा! एवढं केलं आणि कागद कपाटात ठेवून दिले.

पहिला नियम १७८५ मध्ये कूलॉमने मांडला, दुसरा १८२७ मध्ये ओहमने छापला. आज आपण व्हायव्हाला 'ओहम्स लॉ' म्हणतो. कॅव्हेंडिशचे कागद मॅक्सवेलने संपादित करून १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे तो गेल्यावर ६९ वर्षांनी. तो श्रीमंत होता, ड्यूकचा नातू होता, त्याला इन्क्रिमेंटची किंवा प्लेसमेंटची काळजी नव्हती. कोणी ओळखलं नाही तरी त्याचं काही अडलं नसतं. पण जगाचं अडलं! ओहमला तेच पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं. न सांगितलेलं काम म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या कोणीतरी परत करायचं काम. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की स्वतःचं काम सांगणं हा मिरवण्याचा प्रकार नाही, तो कामाचाच शेवटचा भाग आहे. रीडिंग घेतलं आणि जर्नलमध्ये लिहिलं नाही, तर आपले सर प्रॅक्टिकल पूर्ण झालं म्हणतात का?

इथे एक घोळ काढून टाकते. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंगने १९२१ च्या त्याच्या पुस्तकातून लोकांपुढे आणली. अंतर्मुख म्हणजे घाबरट नव्हे. ज्याचं मन आतल्या बाजूला जास्त रमतं, गर्दीत बसून ज्याची बॅटरी उतरते आणि एकट्याने बसून चार्ज होते, तो अंतर्मुख. लोक काय म्हणतील या भीतीने गप्प राहणं तो भिडस्तपणा. काही जणांत दोन्ही असतं, माझ्यात आहे. पण औषधं वेगळी आहेत. भीतीला सरावच लागतो, त्याला शॉर्टकट नाही. अंतर्मुखतेला औषध नकोच, तिला फक्त वेगळा रस्ता हवा. 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'च्या लेक्चरला आपल्याला स्टेजवर उभं करून मोठ्याने बोलायला लावतात, त्यात या दोन्हींची खिचडी होते असं माझं स्पष्ट मत आहे.

वेगळा रस्ता म्हणजे कोणता? अ‍ॅपलच्या दोन स्टीव्हपैकी वॉझनियाक हा लाजाळू. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. तिथे हा जायचा, पण सगळ्यांसमोर हात वर करून बोलायची त्याची हिंमत नव्हती. मग तो करायचा काय? मीटिंग संपली की स्वतः बनवलेलं सर्किट आणि टीव्हीचा पडदा टेबलावर मांडायचा. लोक आपणहून भोवती जमायचे, प्रश्न विचारायचे. आणि आपण केलेल्या डिझाइनबद्दल विचारलं की गप्प माणूससुद्धा तासभर बोलतो! सर्किट डायग्रामच्या झेरॉक्स तो वाटून टाकायचा. त्यातूनच १९७६ चा अ‍ॅपल-वन आला. आता कोणी म्हणेल, त्याला जॉब्ज मिळाला होता विकायला. खरं आहे. पण जॉब्जला दाखवायला टेबलावर काहीतरी चालू मशीन होतं, हेही तितकंच खरं आहे.

मी हेच केलं. ट्रेनिंगचे दोन आठवडे उरले होते. मीटिंगमध्ये उठून "ते मी शोधलं होतं" म्हणणं मला जन्मात जमलं नसतं, आणि ते वाईटही दिसलं असतं. मी साहेबांना एक छोटी मेल केली, की टायमरचा परिणाम मशीनवर प्रत्यक्ष दाखवता येईल, दहा मिनिटं द्याल का. ते आले. मी एकच चांगला पीस पाच सेकंदांच्या सेटिंगवर लावला, लाल. तोच पीस बारा सेकंदांवर, हिरवा. पुन्हा पाच, लाल. मला फार काही बोलावंच लागलं नाही, दिवाच बोलला. साहेबांनी पुढचे प्रश्न मला विचारले, आणि एका माणसाच्या प्रश्नाला उत्तर देणं मला जमतं. खोलीभर लोकांना जमत नाही, एकाला जमतं.

मेलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. शेवटचे दोन आठवडे मी रोज निघताना साहेबांना पाच-सहा ओळी लिहायचे. आज काय केलं, काय आढळलं, कुठे अडलंय, कोणाची मदत झाली. बस. विशेषणं नाहीत, 'खूप मेहनत घेतली' वगैरे नाही. ते रोज वाचत नसतील, नसू देत. पण तारीख आणि नाव पडतं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको, गिटच्या लॉगमध्ये कोणी कधी काय बदललं ते नावानिशी राहतं, तिथे आवाज किती मोठा याला किंमत नाही. मेकॅनिकलवाल्यांना असा लॉग आपला आपण ठेवावा लागतो. (रोज जमत नसेल तर शनिवारी एकदा लिहा, पण शनिवारचा रविवार करू नका.)

लिहिण्यातही एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडले होते. माझा पहिला रिपोर्ट काढून बघितला. 'चाचणी करण्यात आली', 'असे निदर्शनास आले', 'आलेख काढण्यात आला'. इंग्रजीत लिहिला तरी तेच, सगळं पॅसिव्ह व्हॉइस. शाळेत आपल्याला शिकवतात की रिपोर्ट असाच लिहायचा. पण वाचणाऱ्याला कसं कळणार की करणारं कोण होतं? 'मी' लिहिताना हात अडखळतो, आत्मस्तुती वाटते. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणारासुद्धा आहे, हे आजीने मला ऐकवलेलं आहे (हीच आजी एकीकडे हुलगे विकायलाही सांगते!). पण 'मी थोर' आणि 'मी ग्राफ काढला' यात फरक आहे. पहिलं मत आहे, दुसरी माहिती आहे. दोघींनी केलं तिथे 'आम्ही', एकटीने केलं तिथे 'मी', आणि तिसऱ्याने केलं तिथे त्याचं नाव.

हे तिसरं वाक्य लिहिताना मला घाम फुटला. कारण माझ्या त्या रिपोर्टात काकांचं नाव कुठेच नव्हतं. वही त्यांची, निरीक्षण त्यांचं, लाल पीस सकाळी परत लावून बघायची कल्पना त्यांची. मी लिहिलं होतं, 'उपलब्ध नोंदींवरून असे दिसते की...' उपलब्ध नोंदी! पार्टनरने माझं काम घेतलं म्हणून मी रात्रभर रडले, आणि त्याच हाताने मी काकांचं घेतलं होतं. तेही कोणाला काही बोलले नव्हते. गप्प बसणाऱ्याचं काम गप्प बसणाऱ्यानेच खावं यासारखं लाजिरवाणं काय असेल?

काकांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पण ती वही त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत का ठेवली असेल, कोणासाठी लिहिली असेल, हे मी त्यांना आजपर्यंत विचारू शकलेले नाही.

आता मीटिंगबद्दल. मीटिंग टाळता येत नाही, नोकरीत तर नाहीच. १९५८ मध्ये येल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. त्यात एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटांपेक्षा, तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून लिहिलेल्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त निघाल्या, आणि चांगल्याही. अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये पॉवरपॉइंट बंद झालं. त्याऐवजी मुद्दे सलग वाक्यांत लिहून आणायचे आणि सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ते वाचायचे. कल्पना करा, साहेबलोक टेबलाभोवती मूग गिळून वाचत बसलेत! माझ्यासारखीला हा स्वर्गच. पण आपल्याकडे असा स्वर्ग मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. मी सध्या एवढंच करते: जे घेणार असतील त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवते, "सर, उद्या मला एका मुद्द्यावर दोन मिनिटं हवीत." मग ते स्वतः माझं नाव घेतात. दोघांच्या बोलण्यात घुसून आपली जागा करणं हे जे मला सगळ्यात कठीण जातं, ते त्यामुळे वाचतं. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या पाच मिनिटांत काहीही, अगदी एखादा प्रश्न विचारून तोंड उघडायचं. जितका वेळ गप्प बसू तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. इथे मात्र शॉर्टकट नाही, पोटात गोळा येतोच. मला अजून येतो.

सगळीकडे हे चालेल असं मी म्हणत नाही. काही साहेब मेल उघडतच नाहीत, समोर जो मोठ्याने बोलेल तोच त्यांना दिसतो. अशा ठिकाणी माझी पार्टनर करते तसंच करावं लागेल, किंवा पार्टनरसारखं कोणीतरी सोबत हवं. तिच्याशी मी नंतर बोलले. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला आवडतच नाही." तिला खरंच तसं वाटलं होतं. माझ्या मान हलवण्याचा तिने सरळ अर्थ घेतला, यात तिची काय चूक? आम्ही ठरवलं, पुढे तिने सांगायचं झालं तर पहिल्या वाक्यात माझं नाव घ्यायचं. तिने पाळलं. ग्रुप डिस्कशनबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मी अजून एकही दिलेली नाही. फायनल इयरच्या ताई-दादांनी पुढच्या अंकात लिहावं.

आणि आपल्या शिक्षकांना एक विनंती. व्हायव्हाला प्रश्न विचारल्यावर, सर, मॅडम, दहा सेकंद थांबत जा. आमच्यातल्या काहींना उत्तर येत असतं, ते आतून बाहेर यायला जरा वेळ लागतो. (लीक टेस्टच्या हवेसारखंच आहे, स्थिर व्हायच्या आधी मोजलं तर चांगला पीससुद्धा रिजेक्ट होतो!)

शेवटच्या दिवशी आमचं प्रेझेंटेशन होतं. मी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली दोन मिनिटं माझी. पहिली स्लाइड म्हणजे काकांच्या वहीच्या पानाचा फोटो, त्यांची परवानगी घेऊन, आणि खाली त्यांचं पूर्ण नाव, त्यांनाही वाचता यावं म्हणून मराठीत. "सुरुवात यांच्या नोंदींपासून झाली," असं मी म्हणाले. आवाज कापत होता. साहेबांनी माणूस पाठवून काकांना बोलावून घेतलं. ते हात पुसत पुसत आले आणि दारातच उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "किती दिवसांपासून लिहिताय हे?" काका म्हणाले, "तीन वर्षं झाली." कोणीतरी विचारलं, मग सांगितलं का नाही? काका म्हणाले, "कोणी विचारलं नाही." मग त्यांना खुर्ची दिली आणि त्यांनी दहा मिनिटं मशीनबद्दल सांगितलं, माझ्या सगळ्या स्लाइड्समध्ये मिळून नव्हतं एवढं.

संपल्यावर सगळे चहाला गेले तेव्हा काका माझ्याजवळ आले. मला वाटलं काहीतरी मोठं बोलणार. ते हळूच म्हणाले, "मॅडम, आडनावातली वेलांटी चुकलीय. दीर्घ पाहिजे."

कॉन्व्हेंट! मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून वेलांटी बदलली, ऑफिसमधून त्या पानाची नवी प्रिंट काढून आणली आणि त्यांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि वहीच्या पिशवीत ठेवली.